त्यांचं वर्कहाऊस आणि आपली खडी

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही त्या व्हिक्टोरियन काळातल्या गरीब कुटुंबांच्या कादंबऱ्यांवर, ते वर्कहाऊस (म्हणजे नडलेल्या गरिबांना आत ठेवून कामाच्या बदल्यात खायला घालायची सरकारी जागा) वगैरे, पानभर लेख छापला. लेख चांगलाय, मी दोनदा वाचला, एकदा चहाबरोबर आणि एकदा आईला मोठ्यानं वाचून दाखवला. (आई नव्वदीची आहे, कमी ऐकू येतं पण नको ते बरोबर ऐकते.) पण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आहे की आपल्याकडे एकत्र कुटुंबपद्धती होती त्यामुळं असलं काही कधी घडलंच नाही आणि म्हणून मराठी वाचकाला ह्या गोष्टी लांबच्या वाटतात. हे काय पचलं नाही बघा. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण खडीचा भाग कापू नका.

आधी सांगतो की मला ह्या कादंबऱ्यांची ओळख कुठून. माझी नात पुण्यात शिकते, तिला ह्याचं वेड लागलंय, जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून आणते, सुट्टीत सोलापूरला आली की रात्री पणजीच्या कॉटवर बसून इंग्रजीतून डायरेक्ट मराठी करत वाचते आणि आम्ही दोघं ऐकतो. आत्तापर्यंत चार झाल्या. चारींच्या कव्हरवर तीच पोरगी, शाल पांघरलेली, पाठमोरी, मागं धुकं आणि गॅसचा दिवा. तिसऱ्या चॅप्टरला आई मरते, मॅट्रन, म्हणजे वर्कहाऊसवर देखरेख करणारी बाई, दुष्ट असते, भाऊ हरवतो, आणि शेवटी कुणीतरी पैसेवाला मामा किंवा आजोबा उगवतो आणि सगळं गोड. मी नावं ठेवत नाही, ऐकताना माझ्याही डोळ्यात पाणी येतं. पण चारही ऐकून झाल्यावर मला वाटायला लागलं की लिहिणारे चुकीच्या माणसाला व्हिलन करतायत.

कारण मी टाइम ऑफिसातला माणूस. इथल्याच एका गिरणीत सव्वीस वर्षं हजेरी मांडली, (गिरणी बंद पडली, आमचं येणं राहिलं, ते रडगाणं वेगळं.) त्यामुळं सांगतो, मॅट्रन वाईट असायची काही गरजच नव्हती. मॅट्रन चांगली असती तरी तेच झालं असतं कारण वाईटपणा रजिस्टरात होता.

आता १८३४ चा इंग्लंडातला नवीन पुअर लॉ, म्हणजे गरिबांच्या मदतीचा कायदा बघा. गावोगावच्या पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दी, एकत्र करून युनियन केल्या, (आपली लाल बावट्याची युनियन नव्हे) प्रत्येक युनियनवर गार्डियन लोकांचं बोर्ड बसवलं, आणि धोरण असं ठरलं की आत राहणाऱ्याचं जगणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षा वाईट दिसलं पाहिजे म्हणजे खरा नडलेला असेल तोच दार वाजवेल. दारातच कुटुंबाचे तुकडे करायचे. बाप पुरुषांच्या आवारात, आई बायकांच्या, पोरं पोरांकडं, पोरी पोरींकडं, फक्त सात वर्षांच्या आतलं लेकरू बायकांच्या बाजूला राहू शकायचं. स्वतःचे कपडे काढून जमा करायचे आणि युनियनचा ड्रेस घालायचा. नवरा-बायको दोघं साठीच्या पुढचे असतील तर त्यांना एक खोली मागता येईल हे कायद्याला सुचायला १८४७ उजाडलं, म्हणजे तेरा वर्षं गेली.

आणि कामं काय, तर बायकांना आणि म्हाताऱ्यांना जहाजाचे जुने डांबरी दोरखंड बोटानं उसवून त्याचा काथ्या काढायचा, गड्यांना दगड फोडायचे. हाडं कुटायची पण होती, खतासाठी. १८४५ ला अँडोव्हर नावाच्या गावात बाहेर आलं की आतली माणसं कुटायला आणलेल्या सडक्या हाडांतला मगज चोखून खातायत, एवढी भूक. त्यावर पार्लमेंटात चौकशी लागली आणि दोन वर्षांत हा कायदा चालवणारं वरचं कमिशन बदलावं लागलं. आता गंमत ऐका, नियमात हेही होतं की कुणाला शंका आली तर त्याचं जेवण त्याच्यासमोर तोलून दाखवायचं. म्हणजे तराजू होता. हिशोब चोख होता. माणूस हाडं चोखत होता आणि हिशोब चोख होता.

पण कादंबऱ्यांत एक गोष्ट मला कुठंच नीट दिसली नाही, ती म्हणजे वर्कहाऊसला कुलूप नव्हतं. ती जेल नव्हती. तीन तासांची नोटीस दिली की कुणीही बाहेर पडू शकायचा, हे तीन तास कशाला तर त्याचे स्वतःचे कपडे काढून द्यायला आणि रजिस्टरात नोंद करायला. युनियनच्या ड्रेसवर तसाच निघून गेला तर चोरीचा गुन्हा. आणि बाप निघाला तर बायकापोरं सगळी त्याच्याबरोबर निघाली पाहिजेत, त्यांना आत ठेवून एकट्यानं बाहेर काम शोधायला जायचं नाही. बघा म्हणजे अडकवलं कसं, दार उघडं आहे, जायचं तर सगळे जा, आणि सगळे गेल्यावर खायचं काय.

चार्ली चॅप्लिन सगळ्यांना माहितीय. १८९६ साली सात वर्षांचा असताना तो, त्याची आई हॅना आणि मोठा भाऊ सिडनी लंडनच्या लॅम्बेथ वर्कहाऊसमध्ये दाखल झाले, नंतर पोरांना तिथून हॅनवेलच्या शाळेत पाठवलं. पण एक दिवस असा आला की आईनं तिघांची नोटीस दिली. कपडे परत घेतले, चुरगाळलेले, घातले आणि बाहेर पडले. सिडनीकडं नऊ पेनी होत्या. त्याची काळी चेरी घेतली अर्धा पौंड, केनिंग्टन पार्कात बाकावर बसून खाल्ली, वर्तमानपत्राचा बोळा करून त्याला दोरा गुंडाळून तिघं चेंडू चेंडू खेळले, दुपारी उरलेल्या पैशात थोडं खाऊन चहा प्याले आणि संध्याकाळी परत वर्कहाऊसच्या दारात हजर. जायला दुसरीकडं कुठं नव्हतंच. आतले लोक भयंकर चिडले कारण कपडे परत वाफेवर घालायचे, परत नोंदी, परत सगळं पहिल्यापासून. खरं सांगू का, त्या क्लार्कच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. एका दिवसात डिस्चार्ज आणि परत अॅडमिशन, रजिस्टर खराब. एवढी वर्षं मी असाच चिडत आलोय, कुणाची बायको बाळंत झाली म्हणून तो अर्ध्या पाळीत सुटी मागायचा आणि मी म्हणायचो मस्टर बंद झालाय. त्या चेरीवाल्या दिवसाची गोष्ट वाचली तेव्हा आधी हसू आलं आणि मग दोन दिवस ते डोक्यातून गेलं नाही.

तर आईचं सांगत होतो. नात वाचत होती की बाप एका अंगणात, आई दुसऱ्या अंगणात. आईनं तिला मधीच थांबवलं. म्हणाली, "मंग भाकऱ्या कोण थापायचं?" नात म्हणाली पणजी, तिथं भाकरी नसते, मोठं स्वयंपाकघर असतं, सगळ्यांना पेज आणि पाव मिळतो. आई म्हणाली, "तसं न्हवं गं. त्येंच्या त्येंच्या घरची चूल?" नात म्हणाली चूल नाहीच. मग आई बराच वेळ काही बोलली नाही आणि म्हणाली, "मंग संपलंच की."

लेखात तुम्ही त्या कायद्याला दोन कॉलम दिलेत पण ह्या बाईनं दोन शब्दांत सांगितलं तेवढं त्यात नाही. उपाशी माणूस इकडंही होता तिकडंही होता. वर्कहाऊसनं चूल मोडली. आयर्लंडात तर १८४७ ला, बटाट्याचं पीक कुजून लोक मरत होते तेव्हा, असा नियम आला की ज्याच्याकडं पाव एकरापेक्षा जास्त जमीन आहे त्याला मदत नाही. पाव एकर म्हणजे आपले १० गुंठे. १० गुंठ्यांच्या वर असेल तर आधी जमीन सोडा मग पेज प्या. आमच्या सांगोल्याच्या बाजूच्या कुणालाही विचारा की दुष्काळात शेवटी काय सोडतात, जनावर सोडतात, दागिना सोडतात, जमीन सोडली की गाव सुटलं.

आता तुमच्या त्या वाक्याकडं येतो, आपल्याकडं असलं काही नव्हतं.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ. सोलापूर जिल्हा होरपळला. व्हाइसरॉय लिटननं सर रिचर्ड टेंपलला पाठवलं. हा टेंपल तीनच वर्षांआधी बिहारच्या दुष्काळात होता आणि तिथं फार खर्च केला म्हणून त्याला शिव्या पडल्या होत्या, म्हणून आपल्याकडं आला तो हात आखडूनच आला. १८७७ च्या सुरुवातीला त्यानं ठरवून टाकलं की दुष्काळी कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. मी आईला विचारलं साडेचारशे ग्रॅम ज्वारीच्या किती भाकरी. म्हणाली चार, लहान केल्या तर पाच. दिवसभर माती उपसून चार भाकरी, आणि एका आण्यात मीठ मिरची डाळ सरपण सगळं. आणि गावाजवळची छोटी कामं बंद करून लोकांना लांबच्या मोठ्या कामावर पाठवायचं, तिथंच राहायचं, म्हणजे परत तीच परीक्षा, खरा नडलेला असेल तोच चालत येईल. लोकांनी काय केलं तर कामं सोडून निघून गेले, उपाशी माणसांनी संप केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं सरकारकडं अर्जावर अर्ज केले. ज्याचं पाणी आमच्या सांगोल्याकडं येतं तो राजेवाडीचा तलाव आणि मोहोळकडचा आष्टीचा तलाव ही त्याच दुष्काळातली कामं. आपण तिथं डबा घेऊन पिकनिकला जातो. पुढं १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर फॅमिन कोड तयार झालं आणि ज्यांच्यानं काम होणार नाही त्यांच्यासाठी त्यात काय लिहिलंय, तर पुअर हाऊस. शब्दसुद्धा बदलला नाही ओ.

एकत्र कुटुंबपद्धतीचं म्हणाल तर ती धान्याच्या कणगीवर चालते, कणगी रिकामी झाली की दोन भाऊ दोन दिशेला जातात. त्याच १८७७ साली सोलापुरात मोरारजी गोकुळदासांची गिरणी सुरू झाली, आपली जुनी मिल. तिच्यात पहिल्या पाळीला उभी राहिलेली माणसं कुठल्या रस्त्यानं आणि काय मागं टाकून शहरात आली असतील ह्याच्यावर एक कादंबरी कुणी लिहावी, मी माझ्या पेन्शनमधून दहा प्रती घेऊन वाटीन. आपल्याकडं ऐतिहासिक कादंबरी म्हणलं की घोडा, तलवार, दरबार. मलाही आवडतात, कपाटभर आहेत. पण इतिहासात घोड्याला खरारा करणारा पण होता की नाही.

आणि सेटलमेंट? सोलापुरात रिक्षावाल्याला सेटलमेंट म्हणलं की तो बरोबर नेऊन सोडतो, पण सेटलमेंट म्हणजे काय हे आजच्या दहा पोरांना विचारा. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा, पुढं १९११ मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या पारधी, कैकाडी, भामटा, टकारी, कंजारभाट अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं, रोजची हजेरी, बाहेर जायला पास, आणि काम आपल्या गिरण्यांत. काही काळ ती वसाहत अमेरिकन मराठी मिशननं चालवली. १८९७ च्या दुरुस्तीत तर अशी तरतूद होती की चार ते अठरा वर्षांची पोरं आईबापांपासून वेगळी काढून सुधारगृहात ठेवता येतील. चार वर्षांचं पोर! इंग्लंडातला निदान सात वर्षांपर्यंत आईकडं राहायचा. आणि तिथं तीन तासांच्या नोटिशीवर बाहेर पडता यायचं, इथं ते पण नाही. हे सगळं ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटलं, म्हणजे माझ्या जन्माआधी चारच वर्षं. इंग्लंडात वर्कहाऊसचा कारभार १९३० ला मोडीत काढला होता. त्यांच्यापेक्षा आपलं कुंपण बावीस वर्षं जास्त टिकलं, आणि तुम्ही म्हणता आपल्याकडं नव्हतं. त्या समाजातल्या लोकांनी स्वतःच्या आयुष्यावर लिहिलंय, जीव ओतून लिहिलंय, ते वेगळं. पण हजेरी घेणाऱ्याच्या बाजूनं पण कुणीतरी लिहिलं पाहिजे, त्यानं रात्री घरी जाऊन बायकोला काय सांगितलं असेल.

आता खडी. १९७२ ला मी सोळा वर्षांचा. वडील इथं सोलापुरात गिरणीत बदली, काम मिळालं तर मिळालं, आई आम्हा चौघांना घेऊन गावी. पाऊस नाही, विहिरीत बादली आपटायची. रस्त्याचं काम निघालं आणि आई खडीवर जायला लागली, शाळा सुटल्यावर मी पण. सायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं करून त्यात दगड धरायचा म्हणजे कपच्या उडत नाहीत, तरी आईच्या डाव्या डोळ्याच्या खाली एक पांढरा डाग आहे तो त्यातलाच. मुकादमाकडं लोखंडी कडं असायचं, त्यातून दगड पार झाला तर खडी, नाहीतर परत फोडा. नातीनं परवा वाचून दाखवलं की इंग्लंडात एका रात्रीपुरते येणाऱ्या भटक्यांसाठी वर्कहाऊसमध्ये कोठड्या असायच्या आणि त्यांच्या भिंतीत जाळी, दगड एवढा बारीक फोडायचा की त्या जाळीतून बाहेर पडला पाहिजे, तेव्हाच सुटका. आई एकदम उठून बसली. "आगं कडं!" म्हणाली. "त्येंच्यातबी कडं हुतं." चार कादंबऱ्यांत ती पहिल्यांदा खूश झालेली मी बघितली, जणू माहेरचं कुणी भेटलं.

पण मी उगीच सगळं एका मापात मोजत नाही. ७२ म्हणजे वर्कहाऊस नव्हतं. त्या वेळी राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, मजुरी तुटपुंजी, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही, सुकडीच्या वासानं मला आजही मळमळतं. पण काम गावाच्या शिवारात होतं. संध्याकाळी आई घरी यायची. खरचटलेल्या हातानं चूल पेटवायची, आणि आम्ही चौघं चुलीच्या भोवती. महिन्यातून एकदा वडील एसटीनं यायचे, पिशवीत शेंगाची चटणी आणि गिरणीतला फाटका कपडा. हा फरक फार मोठा आहे. त्याच्यातूनच पुढं आपली रोजगार हमी आली, जी नंतर सगळ्या देशानं उचलली. ती हातोडी अजून आमच्या घरात आहे, गूळ फोडायला वापरतो, दांडा दोनदा बदललाय.

तेव्हा साहेब, ते वाक्य मागं घ्या म्हणत नाही, पण पुढच्या एखाद्या रविवारी पुरवणीत थोडी जागा ठेवा. जिल्ह्यात अजून हजारो बाया आहेत ज्या ७२ ला खडीवर होत्या, कामाच्या यादीत त्यांचं नाव होतं, अंगठा होता. त्यांच्या तोंडून घ्या. लवकर घ्या, बऱ्याच जणी ऐंशीच्या पुढं गेल्यात. आणि कुणी कादंबरी लिहायला बसलं तर त्याला माझा निरोप द्या की शेवटी मामा आणू नका. चौथ्या कादंबरीत मामा आला तेव्हा आई म्हणाली, "ह्यो इतके दिस कुठं मेला हुता?"

आपला एक जुना वाचक,
निवृत्त टाइमकीपर, अशोक चौक परिसर, सोलापूर

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी आईला वाचून दाखवलं. म्हणाली हातोडीचं चुकीचं लिहिलंय. गुळाची हातोडी वडिलांनी नंतर मंगळवार बाजारातून आणली होती. खडीची हातोडी सरकारी होती, रोज संध्याकाळी मुकादम मोजून परत घ्यायचा आणि एक जरी कमी भरली तरी सगळ्या बायांना अंधार पडेपर्यंत थांबवून ठेवायचा. पन्नास वर्षं मी पाहुण्यांना ती खडीची म्हणून दाखवत आलो आणि ती एकदाही बोलली नाही. वरचं वाक्य तसंच राहू दे, खोडलं तर कागद खराब होईल.